सव्वीस वर्षांची शिकाऊ

निबिया लारोसाने गिरणीच्या रफू खात्यात सव्वीस वर्षं काढली होती, आणि वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी तिला त्याच खात्यात, त्याच टेबलावर शिकाऊ म्हणून घेतलं. शब्द छापील होता. नेमणुकीच्या कागदावर तिसऱ्या ओळीत 'श्रेणी' असं होतं आणि त्यापुढे ठळक अक्षरांत 'शिकाऊ, रफू व तपासणी'. निबियाने चष्मा काढला, स्वेटरच्या बाहीला पुसला, परत घातला आणि परत वाचलं.

"हे चुकलंय," ती म्हणाली.

टेबलापलीकडे गोन्सालो अरार्ते बसला होता. राजधानीहून आलेला नवा व्यवस्थापक. वय फार तर चौतीस, दाढी कोरलेली, बोलणं असं गोड की माणसाला वाटावं हा आता आपल्याला चहाच विचारतोय. बायकांना तो मानाने 'दोन्या', म्हणजे बाईसाहेब, म्हणायचा.

"चुकलं नाहीये, दोन्या निबिया. कंपनी नवी आहे ना. नव्याने येणारा प्रत्येक जण याच श्रेणीत येतो. तुमचा अनुभव जुन्या कंपनीकडचा."

"म्हणजे माझी बोटं जुन्या कंपनीकडेच राहिली?"

अरार्ते मनापासून हसला. त्याला तो विनोद वाटला, आणि निबियाचं डोकं तिथेच पहिल्यांदा तडकलं.

"आणि मी शिकायचं काय?"

"आमची पद्धत."

"तुमच्या पद्धतीत कापडाला भोक वेगळं पडतं का?"

आता तो हसला नाही. त्याने पेन तिच्या बाजूला सरकवलं. "हे बघा, तुम्हाला नको असेल तर मी समजू शकतो. माझ्याकडे यादी मोठी आहे."

पगार जुन्या पगाराच्या निम्म्याहून जरासा जास्त होता. निबियाने सही केली. पेन इतकं दाबलं की खालची प्रत फाटली. अरार्तेने शांतपणे खणातून दुसरा कागद काढला, मध्ये कार्बन घातला, आणि तिला तीच सही परत करावी लागली.

आमच्या सांता एलोइसा गावात दोनच गोष्टी होत्या, नदी आणि लोकरीची गिरणी. नदी अजून आहे. गिरणी मार्च महिन्यातल्या एका शुक्रवारी दुपारच्या पाळीला बंद झाली आणि पुढचे सोळा महिने बंदच राहिली. सुरुवातीला बेकारीचा सरकारी भत्ता आला, मग त्याला मुदतवाढ मिळाली, मग तोही संपला. निबियाने किनाऱ्यावरची राजधानीवाल्यांची उन्हाळी घरं धुतली. एका लकवा झालेल्या म्हातारीला आठ महिने न्हाऊ-खाऊ घातलं, ती गेली. जवळच्या कोलोनिया शहरातल्या एका मोठ्या दुकानात गल्ल्यावर जागा आहे म्हणून गेली, तर तिथल्या पोरीने जन्मसाल विचारलं आणि उत्तर ऐकून पेनाला टोपण लावलं. एवढंच. नाही म्हणण्याचीही तसदी घेतली नाही तिने.

निबियाचा नवरा दार्दो नदीतल्या वाळूच्या बोटीवर काम करायचा. पूर्वी सहा दिवस, आता तीन. भांडण म्हणून न करणारा माणूस. सही करून ती घरी आली तेव्हा तो चुलीत निलगिरीचं लाकूड सारत होता. तिने कागद टेबलावर टाकला. त्याने वाचला.

"निदान काहीतरी आहे," तो म्हणाला.

"हेच. हेच ऐकायचं राहिलं होतं! बेकरीवाली म्हणते निदान काहीतरी. पाद्री म्हणतो निदान काहीतरी. माझा अर्धा पगार कापून नेला आणि उरलेला अर्धा ताटात वाढला तर मी हात जोडू का?"

"मग सही का केलीस?"

त्याने टोमणा मारला नव्हता, साधं विचारलं होतं. म्हणून तिला जास्त राग आला. कारण उत्तर त्यालाही ठाऊक होतं. आमच्याकडे पेन्शनला साठ वर्षांचं वय आणि तीस वर्षांची नोकरी लागते, तीही नोंदलेली. तिची भरली होती सव्वीस. उन्हाळी घरं धुतल्याची नोंद कुठेच होत नाही. आणखी चार वर्षं कुणाच्या तरी कागदावर तिचं नाव असायला हवं होतं, मग त्या नावापुढे शिकाऊ लिहिलेलं असो की आणखी काही.

पण राग येण्याचं खरं कारण वेगळं होतं. तिने शब्द मोडला होता.

गिरणी पुन्हा उघडणार अशी बातमी आली, त्याच आठवड्यात रफूच्या नऊ बायका गावच्या क्लबाच्या हॉलमध्ये जमल्या होत्या. बोलावणं सुल्मा ओद्रियोसोलाचं. सुल्मा म्हणजे खात्यातली युनियनची प्रतिनिधी. ताडमाड उंच आणि आवाज असा की माग चालू असतानाही तिचं बोलणं पलीकडच्या खात्यात ऐकू जायचं. बावीस वर्षं ती निबियाच्या डाव्या हाताला बसली. निबियाच्या मुलीच्या लग्नात तिने तीन दिवस स्वयंपाक केला होता आणि सुल्माच्या नवऱ्याच्या मातीला निबिया घरच्यासारखी उभी होती. त्या दिवशी सुल्मा खुर्चीवर चढली आणि म्हणाली, "ते आपल्याला एकेकटीला बोलावणार. एकेकटीला पाडणार. पूर्ण श्रेणी, पूर्ण पगार, नाहीतर कुणीही आत पाय टाकायचा नाही. कबूल?" सगळ्यांनी टेबलावर हात ठेवले. पहिला हात निबियाचा होता.

सही केल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती बेकरीच्या रांगेत उभी होती. दार उघडलं आणि सुल्मा आत आली. तिने इकडे तिकडे पाहिलंही नाही, सरळ निबियापाशी येऊन थांबली.

"या, शिकाऊबाई! पाव कसा विकत घ्यायचा ते शिकवू का?"

रांगेतल्या दोघी-तिघी फिसकन हसल्या.

"सुल्मा, इथे नको."

"मग कुठे? अरार्तेच्या खोलीत? तिथे तर तू आमच्याशिवायच जाऊन आलीस."

"मला चार वर्षं कमी आहेत. तुला माहितीय."

"आणि बाकीच्यांना काय, जन्मतःच पेन्शन आहे? आता बघ. तुझं माप घेऊन तो आम्हा सगळ्यांचे कपडे बेतणार. निबिया लारोसा एवढ्यात येते म्हटल्यावर दुसरीला कोण जास्त देईल गं?"

निबिया पाव न घेताच बाहेर पडली, आणि घरापर्यंत सायकल हातात धरून चालत गेली. सुल्माचा प्रत्येक शब्द खरा होता. तिला चीड आली ती त्याचीच. खोटा आरोप असता तर तिने रांगेतच झिंज्या धरल्या असत्या.

आणि झालंही तसंच. पंधरा दिवसांत नवांपैकी आणखी तिघींनी सह्या केल्या. त्याच श्रेणीवर, त्याच पगारावर. पहिल्या सोमवारी त्या खात्यात आल्या तेव्हा निबियाकडे न बघताच त्यांनी अॅप्रनच्या नाड्या बांधल्या. गावात त्यांना कुणी काही बोललं नाही. शिव्या पहिलीच्या वाट्याला गेल्या होत्या, त्या तिलाच पुरल्या.

रफूचं काम बाहेरच्याला दिसत नाही, हीच त्या कामाची कसोटी. कापडाचा तागा तिरक्या टेबलावरून हळूहळू खाली ओढायचा, दक्षिणेच्या खिडकीतून येणाऱ्या सपाट उजेडात. डोळ्यांनी कमी, बोटांनी जास्त बघायचं. कुठे गाठ, कुठे तुटलेला उभा ताणा, कुठे सुटलेला आडवा बाणा. खडूने गोल करायचा, चिमट्याने गाठ सोडवायची आणि सुईने एकेक धागा त्याच विणीतून परत न्यायचा. काम बरं झालं असेल तर स्वतःलाही जागा परत सापडत नाही. निबियाला सोळा महिन्यांनी पहिला तागा हाताखाली मिळाला तेव्हा तिची बोटं पाण्यात पडलेल्या माशासारखी सुटली. तिला बरं वाटलं. बरं वाटल्याचाही तिला राग आला.

ऑगस्टमधली गोष्ट, म्हणजे आमच्याकडे भर हिवाळा. अरार्ते फेरी मारत तिच्या मागे येऊन उभा राहिला. त्याला गप्पा मारायची हुक्की आली होती.

"तुमची ती मैत्रीण, उंच, ओद्रियोसोला. गावभर आमच्या नावाने बोटं मोडत फिरते म्हणे."

निबियाने तागा आणखी हातभर खाली ओढला.

"गंमत आहे. सगळ्यात आधी तीच आली होती माझ्याकडे. क्लबात तुमची ती सभा झाली ना, त्याच्याही आधी दोन दिवस. याच श्रेणीला, याच पगाराला तयार होती. मीच नाही म्हटलं. युनियनची माणसं मला टेबलावर नकोत." त्याने ताग्यावरून उगाच हात फिरवला. "तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं."

तो पुढे गेला. निबियाच्या हातातली सुई तशीच राहिली.

पाळी सुटल्यावर ती घराकडे वळलीच नाही. थंडीत, वारा तोंडावर घेत, सायकल हाणत सुल्माच्या फाटकापर्यंत गेली. मनात वाक्यं तयार होती. सगळ्या गल्लीला ऐकू जातील अशी. खुर्चीवर चढून आमच्याकडून शपथा घेतल्यास ना? आणि तू स्वतः काय करून आली होतीस? आत दिवा होता. फाटकाच्या कडीवर हात ठेवला, आणि तिला अरार्तेचं ते शेवटचं वाक्य आठवलं. तुम्हाला माहीत असावं म्हणून. तो काही बोलता बोलता बोलला नव्हता. ती इथे यावी, ओरडावी, गावाने ऐकावं, म्हणून त्याने तिला इथे धाडलं होतं. तिने कडी सोडली.

घरी येऊन तिने दार्दोला सांगितलं. तो मसुराच्या रश्श्यात पाव बुडवत होता, थांबला.

"मग सांग ना गावाला. तुझ्यावरचा डाग तरी जाईल."

"का? मी काय अरार्तेची पोस्टमन आहे, त्याची पत्रं घरोघर वाटायला?"

"आणि सुल्मा?"

"तिचं नाव काढू नकोस माझ्यासमोर," निबिया म्हणाली आणि भांडं इतक्या जोरात आपटलं की त्याचा कान उडाला.

सप्टेंबरमध्ये परदेशातलं मोठं गिऱ्हाईक आलं. गर्द निळं सुटाचं कापड, दोनशे तागे, एकही दोष चालणार नाही. अरार्तेने गावातल्या सहा कोवळ्या पोरी घेतल्या, त्यांना रफूच्या खात्यात आणून उभं केलं आणि म्हणाला, "मुलींनो, या दोन्या निबिया. या तुम्हाला सगळं शिकवतील."

निबिया उठली. अॅप्रनला हात पुसले.

"नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"शिकाऊ शिकवत नाही. शिकाऊ शिकतो. मी शिकाऊ आहे."

पोरी गोंधळल्या. मागे तिघींच्या सुया थांबल्या.

"दोन्या निबिया, आपण सगळे एकाच कुटुंबातले..."

"कुटुंबात मला कुणी शिकाऊ आई म्हणत नाही." तिने टेबलाखालून कंपनीने वाटलेली छापील नियमावली काढली. सही करताना हातात दिली होती ती. रात्री रागाने झोप लागेना म्हणून तिने ती दोनदा वाचून काढली होती. "पान नऊ. 'शिकाऊ कामगाराने वरिष्ठ श्रेणीच्या देखरेखीशिवाय कोणताही दोष दुरुस्त करू नये.' मी तर तीन महिने नियम मोडत होते. मला कुणी सांगितलंच नाही. माफ करा हं."

त्या सकाळपासून तिने नियम पाळायला सुरुवात केली. तागा ओढायचा, दोष सापडला की खडूने गोल करायचा, आणि हात वर. हात वर करून उभं राहायचं, अरार्ते येईपर्यंत. खात्यात वरिष्ठ श्रेणीचं दुसरं कुणी नव्हतंच. तेवढा पगार वाचवायचा म्हणून त्यानेच ठेवलं नव्हतं. पहिल्यांदा तो चिडून आला.

"कुठे आहे दोष?"

"हात फिरवा."

त्याने फिरवला. "मला काही लागत नाही."

"इथे. दोन ताणे चिकटलेत."

"मला खरंच काही कळत नाहीये."

"मग तुम्हीही शिकाऊच," निबिया म्हणाली. "आता दोघं मिळून वरिष्ठाची वाट बघू."

मागून कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. जेवणाच्या सुट्टीनंतर त्या तिघींपैकी एकीने हात वर केला. दुसऱ्या दिवशी सकाळी चारही हात वर होते. अरार्ते एका टेबलाकडून दुसऱ्याकडे पळत होता, हात फिरवत होता, "हो, करा, करा" म्हणत होता, आणि निबिया दरवेळी विचारत होती, "काय करू? गाठ आधी सोडवू की ताणा आधी भरू? तुमची पद्धत कशी आहे?"

निळे तागे भिंतीशी साचत गेले. तिसऱ्या दिवशी अरार्तेने तिला खोलीत बोलावलं आणि सांगितलं की ताकीदपत्र तयार आहे, दुसरं मिळालं की नोकरी गेली. गोडवा उडून गेला होता. ती म्हणाली, "नियम पाळल्याबद्दल ताकीद? लेखी द्या. फ्रेम करून लावते." बाहेर येऊन मात्र ती संडासात जाऊन बसली.  चार वर्षं. आता सव्वीस वर्षं आणि तीन महिने झाले होते, आणि तिने स्वतःच्या हाताने ते सगळं आगीत धरलं होतं. पण आत जाऊन मुकाट्याने सुई उचलणं तिला जमेना. खरंच जमेना.

गुरुवारी दहाच्या सुमाराला कोलोनियाच्या कामगार कचेरीतून निरीक्षक बाई आल्या. बुटक्या, सर्दी झालेल्या, काखेत फाईल. अरार्तेच्या खोलीत निबियाला बोलावणं आलं. टेबलावर एक तक्रार अर्ज होता. अनुभवी कामगारांना शिकाऊ म्हणून नोंदवून कमी पगार देतात अशी तक्रार. गिरणीत कधी लागली, किती वर्षं काम, सगळं तारीखवार. तक्रार करणारीचं नाव निबिया लारोसा. खाली सही.

तिने ती सही केलेली नव्हती. पण होती मात्र हुबेहूब. पहिल्या अक्षराचा मोठा वळसा, शेवटी मारलेली आडवी रेघ. अशी सही करू शकणारं जगात एकच माणूस होतं. निबिया उशिरा आली की बावीस वर्षं हजेरीपटावर तिच्या नावाने सही मारणारं माणूस. तिच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. मला न विचारता! गावासमोर मला गद्दार म्हणायचं, आणि मग माझंच नाव, माझीच नोकरी पुढे ढकलून स्वतः घरात बसायचं!

"दोन्या निबिया." अरार्तेचा आवाज पुन्हा गोड झाला होता. "ही सही तुमची आहे का? नीट बघा. कुणी तुमचं नाव वापरलं असेल तर तुमचा काहीच दोष नाही. हे तीन दिवसांचं सगळं मी विसरायला तयार आहे. कुणी केलं असेल याची मला कल्पना आहे. खोटी सही हा गुन्हा असतो, नाही का, बाई?"

निरीक्षक बाईंनी नाक पुसलं आणि निबियाकडे पाहिलं.

खरं बोलणं तिच्या फायद्याचं होतं. एक शब्द, आणि सुल्माला पोलिसात खेटे घालायला लागले असते. पाव कसा घ्यायचा ते शिकवू का? या वाक्याचं पुरेपूर उट्टं निघालं असतं. निबियाने अरार्तेच्या तोंडाकडे पाहिलं. तो थोडा पुढे झुकला होता, मुलाला खाऊ दाखवावा तसा. ऑगस्टमध्ये ताग्यावर हात फिरवताना त्याचं तोंड नेमकं असंच असणार. तेव्हा तो मागे उभा होता म्हणून दिसलं नव्हतं.

"माझीच सही आहे," ती म्हणाली. "घाईत केली. म्हणून जरा वाकडी आलीय."

निरीक्षक बाईंनी खात्यात येऊन चौघींना वर्षं विचारली. सव्वीस, एकोणीस, एकवीस, चोवीस. मग अरार्तेला विचारलं, "या चार शिकाऊंना शिकवतं कोण?" तो बोलला ते कुणाला ऐकू आलं नाही. बाईंनी ताग्यांवरचे खडूचे गोल पाहिले, फाईलमध्ये बरंच काही लिहिलं, शिंकल्या आणि गेल्या.

नोव्हेंबरात कामगार कचेरीचा निकाल आला; तोवर दुसरं ताकीदपत्र द्यायची अरार्तेची हिंमत झाली नव्हती. पूर्ण श्रेणी नाही. कंपनी नवी, मुदत हवी, असं काय काय त्यात होतं. चौघींना मधली श्रेणी मिळाली, म्हणजे जुन्या पगारातून पाचवा हिस्सा कमी. अरार्तेने कागद पुढे केला आणि म्हणाला, "अभिनंदन."

"माझ्याच घरातलं माझं सामान चोरायचं, त्यातलं थोडं परत आणून द्यायचं, वर अभिनंदन?" निबियाने पेन उचललं नाही. "रफूला पाचवी बाई लागणार तुम्हाला. एवढं काम चौघींना आणि सहा कच्च्या पोरींना झेपणार नाही. सुल्मा ओद्रियोसोला."

"ते नाव सोडून कुठलंही सांगा."

"तिच्यासारखा हात..."

"ते नाव सोडून, म्हटलं ना."

तिने कागद वरपासून खालपर्यंत परत वाचला. मग तिने सही केली. सोमवारी त्या सहा पोरींना जवळ घेऊन बसली आणि गाठ कशी हुडकायची ते दाखवायला लागली, कारण पोरींचा काहीच गुन्हा नव्हता.

त्याआधीच्या रविवारी मात्र ती सुल्माच्या घरी गेली. सुल्मा परसात माते, म्हणजे आमचा नळीने ओढायचा कडू चहा, त्याचा पेला हातात घेऊन बसली होती, थर्मास मांडीशी. तिने एक घोट ओढला, पाणी भरलं, परत स्वतःच ओढला. निबियापुढे पेला केला नाही. आमच्याकडे याहून मोठा अपमान नाही.

"माझी सही करायचा हक्क तुला कुणी दिला?"

"हजेरीपटावर चालत होती तेव्हा नाही विचारलंस ते!"

"माझी नोकरी जात होती!"

"कामगार कचेरीतला खिडकीवरचा म्हणाला, आत काम करणाऱ्याचीच तक्रार घेतो. मी आत होते का? तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

निबियालाही ते ठाऊक होतं. हो, म्हणाली असती.

"आणि तू त्याच्याकडे आधी जाऊन आलीस ते?" ती म्हणाली. "क्लबातल्या सभेच्या आधी?"

सुल्माच्या हातातला पेला थांबला. "कुणी सांगितलं?"

"त्यानेच. ऑगस्टात."

"ऑगस्टात? आणि तू कुणाला..."

"नाही बोलले."

"का?"

"मी बोलावं म्हणूनच तो बोलला होता."

सुल्माचा चेहरा मानेपासून लाल होत गेला. "मला वाटलं होतं, आधी मी आत घुसते, मग तुम्हाला सगळ्यांना..."

"खोटं."

"हो. खोटं." तिचा तो मोठा आवाज अगदी खाली आला. "पोराने पैसे पाठवायचे बंद केले होते, निबिया. घरात स्वयंपाकाचा गॅससुद्धा नव्हता. गेले. आणि त्या पोरट्या अरार्तेने मला खुर्चीसुद्धा दिली नाही, दारातूनच नाही म्हणाला."

"म्हणजे तुला घेतलं नाही, म्हणून आम्ही कुणीच जायचं नाही. म्हणून ती शपथ."

"तसं नाही."

"तसंच!"

"तसंही," सुल्मा म्हणाली. "आणि मी जे बोलले तेही खरंच होतं. दोन्ही."

"बेकरीत मला सोललंस तू! सगळ्यांसमोर!"

"सोललं. तुझ्याकडे बघितलं की मला मीच दिसत होते. फरक एवढाच की तुला त्याने घेतलं."

शेजारच्या घरातला रेडिओ बंद झाला होता. ते लोक ऐकत होते, उघड होतं.

"मी तुझं नाव सांगितलं त्याला," निबिया म्हणाली. "पाचवी बाई म्हणून."

"काय म्हणाला?"

"नाही म्हणाला."

"आणि तू सही केलीस."

"केली."

"केलीस ते बरं केलंस," सुल्मा म्हणाली, शिवी द्यावी तशी. मग थर्मास उचलून आत निघून गेली.

सहा महिने दोघी बोलल्या नाहीत. मग सुल्माला कोलोनियाच्या एका हॉटेलात चादरी-पडदे शिवायचं काम लागलं, तिथेही आधीपेक्षा कमीवरच, आणि एका सकाळी बस थांब्यावर त्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. सुल्माने काहीतरी खोचक म्हटलं, निबियाने त्याहून खोचक उत्तर दिलं, आणि तिथून बोलणं पुन्हा सुरू झालं. पूर्वीसारखं नाही. दोघींच्याही आत कुठेतरी खडा राहिला तो राहिलाच.

अरार्ते दोन वर्षांनी बढतीवर दुसरीकडे गेला. निबियाने बाकीची वर्षं भरली. पूर्ण श्रेणी तिला शेवटपर्यंत मिळाली नाही; दर जानेवारीत तिने अर्ज केला आणि दर मार्चमध्ये तो परत आला. साठाव्या वर्षी पेन्शनचा कागद हातात पडला तेव्हा त्यात लिहिलं होतं की रक्कम शेवटच्या वर्षांच्या पगारावर ठरवली आहे. म्हणजे ते कमी केलेलं, कापलेलं सगळं आता मरेपर्यंत.

कचेरीत रांग होती. खिडकीतल्या माणसाने समजावलं की नियमच तसा आहे, आणि एरवी काहीच मिळालं नसतं.

निबियाने तिथे जी शिवी दिली ती दार्दोने तिच्या तोंडून पस्तीस वर्षांत ऐकली नव्हती. त्याने तिचा दंड धरला. तिने तो सोडवून घेतला, खिडकीवरून एक कोरा अर्ज उचलला आणि तिथेच उभ्याने, चष्मा नाकावर सरकवत, हरकत लिहायला लागली. मागच्या लोकांना घाई होती. ती थांबली नाही.